विमानाला लस लागते, ट्रॅक्टरला का नाही?

दसरा झाला की आपल्या जालना जिल्ह्यातून दोन प्रकारचे प्रवासी घराबाहेर पडतात. पहिले सुटकेसवाले. लेक अमेरिकेत बाळंत होणार म्हणून सहा महिन्यांसाठी निघालेली आई, शिकायला चाललेला मुलगा, आखातात नोकरी लागलेला पुतण्या. हे संख्येने थोडे, पण शहरातल्या प्रत्येक कॉलनीत असं एखादं तरी घर आता सापडतं. दुसरे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत अख्खा संसार भरून निघणारे. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागातल्या गावागावांतून आणि तांड्यांवरून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी थेट कर्नाटकात. यात निम्म्या बायका, कारण एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. आणि आई गेली की कडेवरचं लेकरू मागे राहत नाही.

पहिल्या प्रवाशाला निघण्याआधी कुणी ना कुणी विचारतंच, ‘‘लस घेतली का?’’ दुसऱ्याला विचारतात, ‘‘उचल किती घेतली?’’ लसीचं नावही निघत नाही. हा फरक मला गेली काही वर्षं खटकतो आहे. बचत गटाच्या निमित्ताने या गावांत माझं जाणं-येणं असतं आणि कॉलनीतल्या काकू-मावशाही माझ्याच. म्हणून दोन्हीकडचं जे दिसतं ते मैत्रिणींसमोर मांडते आहे.

परदेशी जाताना

आधी सुटकेसवाल्यांचं पाहू. आमच्या ओळखीतल्या एका काकूंना अमेरिकेतल्या लेकीने फोनवर सांगितलं, ‘‘आई, येण्याआधी डांग्या खोकल्याची आणि फ्लूची लस घेऊन ये. इथल्या डॉक्टरांनी सांगितलंय.’’ काकूंना राग आला. ‘‘मी तीन लेकरं वाढवली, तेव्हा कुणी मला लस विचारली नाही. आता नातवाला हात लावायला इंजेक्शन?’’

काकूंचा राग समजण्यासारखा होता, पण डॉक्टरांचं म्हणणं बरोबर होतं. अगदी तान्ह्या बाळाला डांग्या खोकल्याची लस देता येत नाही. आपल्याकडे पहिला डोस दीड महिन्याला मिळतो, अमेरिकेत दोन महिन्यांना. फ्लूची लस तर सहा महिन्यांच्या आत देताच येत नाही. तोवर बाळाला जपायचं तर त्याला उचलून घेणाऱ्या माणसांनी लस घ्यायची. मोठ्या माणसाला जो नुसता चिवट खोकला वाटतो, तो तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतू शकतो. शिवाय लस टोचली म्हणजे त्याच दिवसापासून संरक्षण सुरू होत नाही. त्याला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून विमानात बसायच्या आदल्या दिवशी दवाखाना गाठून उपयोग नाही.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते. फ्लूची लस एकदा घेतली आणि जन्मभराचं काम झालं, असं नसतं. फ्लूचे विषाणू रूप बदलत राहतात, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा नव्या लसीत कोणते प्रकार घ्यायचे ते सांगते. फेब्रुवारीत पृथ्वीच्या उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. अमेरिकेत, युरोपात फ्लूचा जोर थंडीत असतो, म्हणून तिकडे जाणारीने शरद ऋतूत येणारी नवी लस घ्यावी. मुलगा ऑस्ट्रेलियात असेल तर उलटं. तिथला हिवाळा जून ते ऑगस्ट, म्हणजे लसही त्याआधी. आणि आपल्या महाराष्ट्रात फ्लू दोनदा डोकं वर काढतो, एकदा पावसाळ्यात आणि एकदा जानेवारी ते मार्चच्या सुमारास. घरी राहणाऱ्या आजी-आजोबांनी पावसाळा सुरू होण्याआधी लस घेतलेली बरी. त्यामुळे ‘मागच्या वर्षी घेतली होती की’ हे उत्तर चालत नाही. डॉक्टरांना स्पष्ट विचारायचं, ‘‘ही लस कोणत्या हंगामाची आहे?’’

काही ठिकाणी तर लस ही सक्तीच असते. आफ्रिकेतल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या अनेक देशांत जायचं तर पिवळ्या तापाची लस आणि तिचं कार्ड लागतं. ही लस गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांवरच मिळते. त्यामुळे आपल्याला मोठं शहर गाठावं लागतं. टोचल्यानंतर दहा दिवसांनी दाखला लागू होतो. २०१६ पासून तो जन्मभर चालतो, ही त्यातली सोयीची गोष्ट. दाखला नसताना त्या देशांतून परत आलं तर आपलंच सरकार विमानतळावरून थेट विलगीकरणात ठेवतं, सहा दिवसांपर्यंत.

हजला जाणाऱ्या भगिनींना हे चांगलं ठाऊक आहे. मेनिंगायटिसची लस घेतल्याशिवाय सौदी अरेबियात पाऊल ठेवता येत नाही आणि तीही पोचायच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. आपल्याकडच्या हज यात्रेकरूंना पोलिओचे थेंबही देतात आणि वयस्कर यात्रेकरूंना फ्लूची लस. २००० साली हजनंतर मेनिंगायटिसच्या एका प्रकाराची साथ यात्रेकरूंबरोबर अनेक देशांत पोचली. त्यानंतर चार प्रकारांना रोखणारी लस सक्तीची झाली. आज यात्रेकरूंसाठी शिबिरं लागतात, यादीप्रमाणे नावं पुकारली जातात आणि कार्डावर नोंद होते. गरीब घरातली, कधी जिल्ह्याबाहेर न गेलेली म्हातारी माणसंही यातून व्यवस्थित पार पडतात. मनात आणलं तर सरकारी यंत्रणा प्रवासाला निघालेल्या माणसाला वेळेवर गाठू शकते, याचा हा पुरावाच आहे.

तोडीला जाताना

आता ट्रॅक्टरवाल्यांकडे येऊ. कारखान्यांचा गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो. पट्टा पडून माणसं गावी परततात तोवर मार्च-एप्रिल उजाडतो. म्हणजे जवळजवळ पाच-सहा महिने. या काळात बाळाच्या लसींचं काय होतं, याचा साधा हिशेब मांडून बघा.

सप्टेंबरच्या शेवटी जन्मलेलं बाळ घ्या. दीड महिन्याचा डोस नोव्हेंबरच्या मध्यावर, अडीच महिन्यांचा डिसेंबरात, साडेतीन महिन्यांचा जानेवारीत. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-बी, पोलिओ, जुलाबाची रोटा लस, न्यूमोनियाची लस, हे सगळं याच तीन तारखांभोवती असतं. तिन्ही तारखा उसाच्या फडात. मे महिन्यात जन्मलेलं बाळ घ्या. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, म्हणजे फेब्रुवारीत. तोही फडात. आदल्या वर्षी पावसाळ्यात जन्मलेल्या लेकराचा दुसरा डोस आणि बूस्टर सोळा महिन्यांपासून पुढे, तेव्हाही ते कोपीतच. आई पोटुशी असेल तर धनुर्वाताचे दोन डोस चार आठवड्यांच्या अंतराने, त्यातला दुसरा बहुतेक वेळा राहूनच जातो. थोडक्यात, लसीचं वेळापत्रक आणि कारखान्याचं वेळापत्रक एकमेकांवर आदळतात आणि त्यात कारखान्याचं जिंकतं.

‘पण लस तर देशभर सगळीकडे फुकट मिळते ना, तिथल्या दवाखान्यात जावं’, असं कुणी म्हणेल. मिळते हे खरं. पण घनसावंगी तालुक्यातल्या एका तांड्यावरच्या सुनेने मला सांगितलेलं ऐका. ‘‘ताई, दवाखाना तीन कोसावर. एक दिवस गेले की कोयत्याचा खाडा पडतो. गेले तर म्हणले, लशीचा वार मंगळवार, तवा या. मंगळवारी आमची टोळी दुसऱ्या फडात. कार्ड कोपीत भिजलं. मग तिथल्या बाई म्हणाल्या, आधी काय काय दिलंय ते कसं कळावं?’’ यात त्या दवाखान्यातल्या बाईंचीही अडचण समजून घेतली पाहिजे. गोवर-रुबेलाची लस बाटलीत पाच-दहा डोसांची असते. एकदा कालवली की चार तासांत वापरावी लागते, उरलेली फेकून द्यायची. एका लेकरासाठी बाटली फोडायला सिस्टरचा हात धजत नाही. एका बाळासाठीसुद्धा बाटली उघडा असं वरून सांगितलेलं असलं, तरी हिशेब तिलाच द्यावा लागतो.

बरं, कोपीत आजाराला मोकळं रानच असतं. पाचटाच्या दहा-बारा हातांच्या झोपड्या एकमेकींना चिकटून, आत चुलीचा धूर, पहाटे गारठ्यात फडाकडे निघणं, पिण्याचं पाणी मिळेल ते. जानेवारी ते मार्च हा आपल्याकडचा फ्लूचा काळ नेमका ऐन हंगामात येतो. गोवर तर एकाला झाला की लस न घेतलेल्या शेजारच्या लेकरांना सोडतच नाही. २०२२ च्या ऑक्टोबरपासून मुंबईत गोवंडीच्या दाट वस्तीत गोवराने बालकांचे जीव घेतले, मालेगाव आणि भिवंडीतही साथ पसरली, हे आपण वाचलं आहे. तिथेही मुळाशी हुकलेले डोस आणि खुराड्यासारखी घरं हीच कारणं होती.

फ्लूच्या लसीचं तर वेगळंच. ती बालकांच्या नेहमीच्या मोफत लसीकरणात नाही. खासगी दवाखान्यात साधारण दीड-दोन हजार रुपयांच्या घरात जाते. २००९ साली स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात एका शाळकरी मुलीचा गेला. २०१५ मध्ये राज्यात नऊशेहून अधिक माणसं दगावली. त्याच वर्षी महाराष्ट्राने गरोदर स्त्रिया, मधुमेह आणि रक्तदाबाचे रुग्ण, आरोग्य कर्मचारी अशांना सरकारी दवाखान्यातून ही लस मोफत द्यायला सुरुवात केली. ती ऐच्छिक आहे आणि साठ्यावर अवलंबून असते, त्यामुळे मागणाऱ्याला मिळते आणि न मागणाऱ्याला तिची खबरही नसते. मागणाऱ्यांत शिकलेल्या शहरातल्या बाया असतात. पोटात सहा महिन्यांचं घेऊन उसाची मोळी उचलणारी मागायला येत नाही. खरं म्हणजे गरोदरपणी आईने फ्लूची लस घेतली तर जन्मानंतर बाळाला पहिले काही महिने तिचा आधार मिळतो. तेव्हा त्या लसीची सगळ्यात जास्त गरज हिलाच आहे.

भीती कुणाची वाटते?

असं का व्हावं? मला वाटतं, प्रवाशाला लस विचारली जाते ती बहुतेक वेळा यजमानाच्या भीतीमुळे. तुझा रोग माझ्या घरात नको, म्हणून दाखला दाखव. ही रीत जुनी आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग सुरू झाला. पुढच्याच वर्षी युरोपातल्या देशांनी व्हेनिसमध्ये परिषद भरवली आणि हिंदुस्थानातून जाणाऱ्या हजच्या जहाजांना त्या वर्षी बंदी झाली. त्याच १८९७ च्या जानेवारीत डॉ. हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. आणि त्याच वर्षी १० मार्चला पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. बंदरावर आलेल्या जहाजाची काळजी वाहायला परिषदा भरत होत्या. वस्तीत तडफडणाऱ्या गरिबाला उचलायला मात्र सावित्रीबाईंनाच जावं लागलं.

अलीकडचं उदाहरण करोनाचं. २ जानेवारी २०२१ ला राज्यात लसीकरणाची रंगीत तालीम ज्या चार जिल्ह्यांत झाली, त्यांत पुणे, नागपूर, नंदुरबार यांच्याबरोबर आपला जालना होता. पुढे कोविशिल्डच्या दोन डोसांत ८४ दिवसांचं अंतर ठरलं. पण जून २०२१ मध्ये परदेशी शिकायला, नोकरीला जाणाऱ्यांसाठी आणि टोकियो ऑलिंपिकच्या खेळाडूंसाठी ते २८ दिवसांवर आणलं आणि दाखल्यावर पासपोर्टचा नंबर टाकण्याची सोय केली. हे योग्यच झालं, पोरांची वर्षं वाया गेली नाहीत. माझा मुद्दा एवढाच, की प्रवाशाच्या तारखेप्रमाणे नियम वाकवता येतो, हे तेव्हा सिद्ध झालं. मग ट्रॅक्टरची तारीख आपल्याला माहीत नसते का? ती तर दरवर्षी तीच असते.

आपल्याला हे जमत नाही असंही नाही. पोलिओच्या वेळी जमलं. बसस्टँडवर, रेल्वेत, वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या तळावर जाऊन बोटाला शाई लावत थेंब पाजले. १३ जानेवारी २०११ नंतर जंगली पोलिओचा एकही रुग्ण देशात आढळला नाही आणि २७ मार्च २०१४ रोजी आपण पोलिओमुक्त म्हणून जाहीर झालो. तेव्हा कुणी आईला ‘मंगळवारी या’ म्हणालं नाही, थेंब घेऊन माणसं तिच्या दारात गेली. इंद्रधनुष्य मोहिमेतही स्थलांतरितांच्या वस्त्या डोळ्यासमोर होत्या. काही कारखान्यांच्या तळावर आजही चांगली सत्रं होतात. पण ती होतात तिथल्या एखाद्या तळमळीच्या डॉक्टरमुळे किंवा सिस्टरमुळे. त्यांची बदली झाली की संपलं.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, निघण्याआधीचं शिबिर. गणपती ते दसरा या काळात तोडीला जाणाऱ्या प्रत्येक गावात एक दिवस ठरवायचा. पाच वर्षांखालच्या प्रत्येक लेकराचं कार्ड तपासून, वयात बसत असलेले सगळे डोस तेव्हाच द्यायचे. गरोदर बायकांना धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायचं आणि साठा असेल तर फ्लूची लस. यादी कुठून आणायची, हा प्रश्नच नाही. मुकादमाच्या वहीत प्रत्येक कोयत्याचं नाव आणि उचलीचा पैशापैशाचा हिशेब असतो. त्या वहीत लेकराच्या जन्मतारखेचा एक रकाना वाढवायचा आहे. ऊसतोड कामगारांना ग्रामपंचायतीमार्फत ओळखपत्रं द्यायचं सरकारने ठरवलंच आहे, त्यावरही लसीची नोंद जोडता येईल. या कामगारांच्या मुलांसाठी २०२१ मध्ये वसतिगृहांची योजना आली तेव्हा पहिल्या टप्प्यात आपले अंबड आणि घनसावंगी तालुके होते. म्हणजे माणसं कुठून जातात हे सरकारदरबारी नोंदलेलं आहे.

दुसरी गोष्ट, तळावरचं सत्र. दिवसा बायका फडात असतात, म्हणून संध्याकाळी कोपीवर यायला हवं. महिन्यातून एकदा आलं तरी पुरे, कारण लहान बाळाच्या डोसांत चार आठवड्यांचंच अंतर लागतं. पंधरा-वीस लेकरं एका जागी मिळाली तर बाटली वाया जाण्याचा प्रश्नही मिटतो. कारखान्याने यासाठी एक गाडी द्यावी, ऊस वाहायला शेकड्यांनी असतातच. आणि लेकराला लस टोचली त्या दिवशी आईचा खाडा धरू नये.

तिसरी गोष्ट, नोंद. आता ‘यू-विन’वर लसीची नोंद होते आणि देशात कुठेही पुढचा डोस घेता येतो. सोय उत्तम आहे, पण ती मोबाइल नंबरवर चालते. आमच्या बायकांचा फोन नवऱ्याच्या खिशात आणि दर वर्षी नंबर नवा. म्हणून कागदाचं कार्ड हवंच. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पोथीसारखं जपायचं. आणि कार्ड हरवलं, डोस चुकला, तरी घाबरून दवाखाना टाळायचा नाही. लसींचा क्रम पहिल्यापासून सुरू करावा लागत नाही, राहिला तिथून पुढे देतात. ही एक गोष्ट जरी आपण चार जणींना सांगितली तरी कितीतरी लेकरं परत रांगेत येतील.

मैत्रिणींनो, ज्यांच्या घरात कुणी परदेशी निघालं आहे त्यांनी तिकिट काढलं त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटावं. निघायच्या निदान सहा आठवडे आधी. देश, तिथला ऋतू, वय, साखर-रक्तदाबाची औषधं आणि आधी घेतलेल्या लसी एका कागदावर लिहून न्याव्यात. कॉलेजला जाणाऱ्या मुलांचं लहानपणीचं कार्ड आतापासून शोधून ठेवावं, परदेशातली विद्यापीठं ते मागतात. आणि त्याच दिवशी आपल्याकडे धुणं-भांडी करणाऱ्या, शेतात येणाऱ्या बाईला विचारावं, ‘‘यंदा तुमच्या घरचं कोण तोडीला चाललंय? लेकराचं कार्ड कुठे आहे?’’ आशाताईचा नंबर आपल्या फोनमध्ये असतो, तो तिला लावून द्यावा. गोवर-रुबेला देशातून हटवायचा निर्धार सरकारने केला आहे. आपल्या तालुक्यात त्याची सुरुवात यंदा गणपती उठायच्या आत करता येईल. महिला मंडळाची किंवा बचत गटाची पुढची बैठक या एका विषयावर लावा, मुकादमालाही बोलवा. येताना त्याला वही घेऊन यायला सांगा.